आप्पांच्या बेडकीचा सायलेन्सर

ईशा आणि सुमेध,

गेल्या रविवारी माझा फोन चालू असतानाच तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं, की उदगीरच्या आप्पांची हिरवी गाडी विकली. तुम्ही दोघंही हळहळलात. ईशाने तर विचारलं, "बेडकी? आपली बेडकी?" दिवाळीनंतर आप्पा गेले, तेव्हाही बाबांनी तुम्हाला कळवलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "कोण आप्पा?" तुम्हाला गाडी आठवते आणि ती चालवणारा माणूस आठवत नाही, ही गोष्ट रविवारपासून माझ्या मनात घोळते आहे. यात तुमचा दोष नाही. तुम्ही नांदेडला माझ्याकडे आलात तेव्हा लहान होतात, आणि आप्पा तुमच्याशी फारसे बोललेही नाहीत. गाडीत बसवून एक फेरी मारून आणली आणि हातावर खडीसाखर ठेवली, एवढंच.

म्हणून आप्पांविषयी लिहायला बसले आहे. कॉलेजात मी मुलांना इंग्रजी शिकवलं. निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा, एका वाक्याने पुढच्याचा हात धरावा, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं. आप्पांच्या बाबतीत ते मला कितपत जमेल, याची शंका आहे. ते कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करत आणि कारण कधीच सांगत नसत. त्यांनी केलेल्या एका गोष्टीचं कारण मी अजून शोधते आहे. तुम्हाला सापडलं तर कळवा.

आप्पांचं उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकान होतं. तूर, हरभरा, सोयाबीन. अंगाने आडवे, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि खांद्यावर उपरणं. दारात आले की बेल न वाजवता मोठ्याने "शरणार्थी वैनी!" असा लिंगायतांचा नमस्कार घालत आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन बसत. कान पुढे पुढे कमी झाले होते. मुलाने, म्हणजे बसवराजने, ऐकायचं यंत्र आणून दिलं होतं. ते कानात कमी आणि सदऱ्याच्या खिशात जास्त असे.

त्यांच्या वडिलांच्या काळी मोंढ्यात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून सौदा ठरवत. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही पत्ता लागत नसे. ती पद्धत कायद्याने केव्हाच बंद झाली. पण तुमचे आबा म्हणायचे, "आप्पाचा हात बाहेर आला, डोकं अजून उपरण्याखालीच आहे." आप्पांना कशाचंही कारण विचारलं, की त्यांचं एकच उत्तर असे, "समजून काय करता वैनी? बसा आदी."

आबांची आणि त्यांची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. आबा चाकूरकडच्या एका खेड्यातून शिकायला आलेले, आपल्या घरातले पहिलेच. आप्पा उदगीरच्या पेठेतले. दोघं वसतिगृहात एका खोलीत राहिले. आबा पुढे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाले. आप्पा पहिल्याच मोठ्या परीक्षेला बसले नाहीत. सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, आबांना परीक्षेच्या दारापर्यंत सोडलं आणि तिथूनच उदगीरची बस धरली. का, ते आबांनाही कधी कळलं नाही.

सुटीत ते आबांना उदगीरला घरी घेऊन जात आणि स्वतःच्या ताटात जेवायला बसवत. त्या काळी ते पेठेतल्या सगळ्यांना रुचणारं नव्हतं. शेजारच्या एका व्यापाऱ्याने दुकानात येऊन विचारलं, "हे काय करून राहिले आप्पा तुम्ही?" आप्पा म्हणाले, "जेवून राहिलो." तो विषय तिथेच संपला. मी आबांशी लग्न करून आले तेव्हा ही हकीकत मला आबांनी सांगितली. आप्पांनी त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही.

आता बेडकी. एकदा हरभऱ्याच्या हंगामात आप्पा कामासाठी हैदराबादला गेले आणि येताना ही गाडी घेऊन आले. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला चिकटून चालणारी, वरचं छत कापडाचं, नाक लांब आणि दिवे बेडकीच्या डोळ्यांसारखे वर आलेले. शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली. कोणा हौशी माणसाने परदेशातून आणलेली आणि मग तिला कंटाळलेली. रंग कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखा. साठीच्या घरातला, धोतर नेसणारा धान्याचा व्यापारी त्या गाडीतून उतरायचा तेव्हा आधी टोपी दिसायची, मग दोन्ही हात, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग आप्पा.

शेजारच्या सीटवर माणूस क्वचित असे. तिथे तुरीच्या किंवा सोयाबीनच्या नमुन्याची पोतडी असे, पट्ट्याने नीट बांधलेली. आबा हसून हसून बेजार झाले. मी मात्र विचारलं, "आप्पा, या वयात ही गाडी कशाला?"

"बसा, मंग कळंल."

मी बसले. आम्ही असना नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. माझे केस विस्कटले, डोळ्यांत धूळ गेली. परत आल्यावर आप्पांनी विचारलं, "कळलं?"

"नाही."

"बगा, मला बी न्हाई," असं म्हणून ते चहा मागून मोकळे झाले.

आबांची मोटार अगदी वेगळी होती. पूर्वी साहेब लोकांकडे असायची तशी पांढरी, गोल पाठीची, भारदस्त. निवृत्तीनंतरही त्यांनी ती सोडली नाही. नोकरीत असताना एकदा बिलोलीकडे कालव्याच्या कामावर जाताना गाडी दगडावर आपटली होती. त्या दणक्याने सायलेन्सरच्या आतला एक पत्रा सुटला. गाडी वेगात असली की काही जाणवत नसे. पण लांबून, तापून आली, दारात हळू झाली आणि इंजिन बंद केलं, की आत तो पत्रा खुळखुळत राही आणि शेवटी एकदा खण्ण करून गप्प बसे.

मला तो आवाज आवडत नसे. मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या, गल्लीत हसं होतं. आबा म्हणायचे, "मी आलो हे तुला कळतं ना? मग बेल कशाला वाजवायची?" आणि खरंच, मी त्या आवाजावर गॅस पेटवायची. खुळखुळ ऐकू आली की आधण, खण्ण झालं की चहाची पूड. आबा चप्पल काढून आत येईपर्यंत कप तयार असे. सवय लागली, ती लागली.

आबा गेले, तेव्हा तुमचे बाबा तिकडून आले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. भन्तेजींनी वंदना म्हटली, लोक आबांविषयी बोलले. आप्पा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. त्यांना बोलायला सांगितलं, तर हात जोडून नको म्हणाले. त्यांचा सगळ्यात जुना मित्र, आणि चार शब्द बोलला नाही, हे काही नातेवाइकांना लागलं. जेवणाच्या वेळी आप्पा कुठे दिसेनात. तुमचे बाबा शोधत मागे गेले आणि मला हाक मारली. आबांच्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आले होते, धोतरासकट.

मी म्हटलं, "आप्पा! अहो, काय चाललंय?"

ते सरपटत बाहेर आले. पाठीला माती, टोपीला काळं. म्हणाले, "वैनी, गाडी मोडीत देऊन राहिलं म्हणं पोरगं."

"हो. मला चालवता येत नाही. तो परत जाणार. ठेवून काय करू?"

"देऊ द्या. सायलेन्सर तेवढा मला द्या."

खरं सांगते, मला भयंकर राग आला. घरात अजून लोक खीर खात होते. मी विचारलं, "कशाला हवाय तुम्हाला?"

"बेडकीचा फुटला. चाकूरच्या पुढं गतिरोधकावर आपटली. लई बोंबलती आता. गाव जागं होतं."

बेडकीचा सायलेन्सर फुटला होता, हे खरंच होतं. त्या दिवसांत आप्पा गल्लीत शिरले की कुत्री गेटाखाली दडत आणि समोरच्या मुलाखे बाई गॅलरीत येऊन कानांवर हात ठेवत. तसले सुटे भाग आपल्याकडे मिळत नसत, हेही खरं. तरीही मला वाटलं, मित्राची गाडी अजून मागच्या दारात उभी आहे आणि याला तिचा भाग सुचतोच कसा? मी "न्या" म्हणाले आणि आत निघून आले. तुमचे बाबा म्हणाले, "आई, आप्पा जरा विचित्रच आहेत." मी त्यांची बाजू घेतली नाही.

काही दिवसांनी आप्पा बसवराजची जीप घेऊन आले आणि मला म्हणाले, "चला लातूरला. बहिणीकडं जायाचं म्हणत होते ना? सोडतो." मागे पोत्यात गुंडाळलेला सायलेन्सर होता. लातूरला बहिणीकडे जाण्याऐवजी जीप आधी एका गॅरेजपाशी थांबली. बेडकी तिथे आधीच उभी होती. आप्पांनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा."

गॅरेज खालिदभाईंचं. उंच, किडकिडीत, तोंडात सदा बडीशेप. त्यांनी पोतं उघडून बघितलं, मग बेडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू मी काही समजावून सांगेन.

"नक्को आप्पा," ते म्हणाले. "बेडकीच्या पोटाला म्हशीचं पोट बांधून राहिले तुम्ही. हे बसणार नाही."

"बसंल की."

"लांबीला जास्त, जाडीला डबल. पाइपाचं तोंड जुळत नाही. त्यापेक्षा हा बघा." त्यांनी भिंतीवरून एक छोटा, सडपातळ सायलेन्सर काढला. कुठल्या तरी लहान गाडीचा. "हा दोन बोल्टवर बसतो. जेवायच्या आत गाडी घेऊन जावा."

"हाच बसवा," आप्पा पोत्यातल्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"पर का?"

"हाच हाय म्हणून."

मी खुर्चीवरून म्हटलं, "आप्पा, अहो, ते म्हणतात त्यात तथ्य आहे."

"वैनी, चहा सांगू का?"

मग ते काम दुपारभर चाललं. आबांच्या सायलेन्सरचं तोंड मोठं आणि बेडकीचा पाइप बारीक, म्हणून खालिदभाईंनी लेथवर एक जाड कडं करून आणलं आणि दोघांच्या मध्ये घालून वेल्डिंग केलं. गाडीच्या पोटाखाली तो उभा मावेना, म्हणून मागच्या चाकांच्या मागे आडवा टाकला. शेपटाचा पाइप कापून वळवला, तर धूर सरळ टायरवर येऊ लागला. मग पुन्हा कापून दुसरीकडे वळवला. टांगायला मूळचे रबर पुरेनात, तेव्हा ट्रॅक्टरच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापल्या. आप्पा धोतर खोचून खाली वाकून बघत आणि दर थोड्या वेळाने म्हणत, "बगा, बसून राहिला का न्हाई?" खालिदभाई म्हणत, "बसत नाही आप्पा, आपण बसवून राहिलो."

मध्येच खालिदभाईंनी सायलेन्सर हातात घेऊन कानाशी हलवला. आत खुळखुळलं. पण गॅरेजात इतका गोंगाट होता, की तो आवाज मला नीट ओळखताही आला नाही.

"आत पत्रा सुटलाय," ते म्हणाले. "कापून डाग देतो. नाहीतर तापल्यावर वाजंल."

"राहू द्या."

"पाच मिनिटांचं काम हाय."

"राहू द्या म्हटलं ना खालिद."

मी पुन्हा म्हटलं, "होतंय तर करून घ्या ना आप्पा." आप्पांनी खिशातून ऐकायचं यंत्र काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवलं. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा ती आधीसारखी बोंबलत नव्हती. जाड, दबक्या आवाजात गुरगुरली. आबांच्या गाडीसारखा आवाज अजिबात नव्हता. तो तसा येणारही नव्हता, इंजिन वेगळं. मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, ते त्या वेळीही सांगता आलं नसतं. आप्पांनी मला बहिणीच्या दारात सोडलं. "शरणार्थी" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर काही आठवडे गेले. आबांची मोटार मोडीत गेली होती, बाबा परत गेले होते. एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वीजबिलं आणि बँकेची कागदपत्रं लावत बसले होते. बाहेर खुळखुळ ऐकू आली. मी उठले, गॅस पेटवला, आधण ठेवलं. मग खण्ण झालं. मी चहाची पूड टाकली, दोन कप काढले आणि एकातच साखर घातली, कारण आबांना साखर बंद होती. कप घेऊन दाराशी आले. तेव्हा बाहेरून आवाज आला, "शरणार्थी वैनी!"

मी दारात तशीच उभी राहिले. गेटाशी बेडकी होती. आप्पांनी माझ्या हातातल्या दोन कपांकडे बघितलं. बिनसाखरेचा कप उचलला आणि प्यायला लागले. आप्पांना चहात एरवी चमचे चमचे साखर लागायची.

मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही हा आवाज बंद करा. नाहीतर ही गाडी माझ्या दारात आणू नका."

आप्पांनी कानाला हात लावला. "कुठला आवाज?"

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"काय म्हणता?"

त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं का? यंत्र खिशात होतं. पण तासाभरापूर्वी म्हणे मुखेडच्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी झालेली त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखली होती. ते त्यांनीच त्या दिवशी बसल्या बसल्या सांगितलं. मी गोंधळून गेले. माणूस बहिरा आहे, की बहिरेपणाच्या आड बसला आहे? आणि त्याला मित्राचा आवाज जपायचा होता, की धूर गळणाऱ्या गाडीला एक लोखंडी डबा हवा होता? मला दोन्ही पटत होतं आणि दोन्ही पटत नव्हतं.

पुढच्या खेपेला आप्पा पायी आले. घामाघूम. बेडकी कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर लावली होती. मला वाटलं, चला, म्हणजे माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तसं न्हाई वैनी. डाक्टरनं चालायला सांगितलंय. साखर वाढली." आणि चहा बिनसाखरेचाच मागितला. आता यातलं काय खरं मानायचं? त्या दिवशी त्यांनी आबांचा कप उचलला तो मला सावरायला, की खरंच साखर वाढली होती म्हणून?

असं बराच काळ चाललं. आप्पा महिना-दोन महिन्यांनी नांदेडला येत. गाडी कोपऱ्यावर, आणि ते पायी. माझं घर शांत होतं, मला हवं होतं तसं. पण ते येणार असं कळलं, की मी दुपारी टेबलाशी बसून कान कोपऱ्याकडे लावत असे. तिथून काही ऐकू येत नसे. स्कूटर, भाजीवाला, शाळेची बस, एवढंच. एकदा तर उगाच औषध आणायचं निमित्त काढून मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले आणि नेमके आप्पा त्या दिवशी बसने आले.

शेवटी एका खेपेला, ते निघताना मी म्हटलं, "आप्पा, पुढच्या वेळी गाडी गेटापर्यंत आणा."

मला वाटलं, ते "का?" विचारतील. निदान त्यांच्या डोळ्यांत काही दिसेल. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट टाकलं आणि म्हणाले, "हाव."

एवढंच. त्यानंतर ते गाडी थेट गेटापर्यंत आणत. इंजिन बंद करून लगेच उतरत नसत. खुळखुळ थांबून खण्ण होईपर्यंत हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहत. त्यांना ती ऐकू येत होती का, हे मी विचारलं नाही. मी आत आधण ठेवलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं का, हेही नाही. कारण न सांगता एकमेकांसाठी काही करता येतं, हे मी त्यांच्याकडून तेवढं शिकले. माझ्या स्वभावाला ते सोपं गेलं नाही. तुम्ही आलात ते त्याच दिवसांत. सुमेध, तू बेडकीत बसून विचारलं होतंस, "आप्पा, हिच्या पोटात काय वाजतं?" ते तुला म्हणाले होते, "बस आदी." तुला आठवत नसेल.

गेल्या वर्षी पावसाळ्यापासून त्यांची तब्येत उतरत गेली. दिवाळीच्या आधी त्यांना लातूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी बहिणीकडे उतरले आणि भेटायला गेले. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं. बसवराजने त्यांच्या कानात यंत्र घातलं आणि तो औषधं आणायला खाली गेला. आम्ही दोघंच होतो. आता विचारलं नाही तर कधीच कळणार नाही, हे मला दिसत होतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आप्पा, खरं सांगा. खालिदभाईंकडे दुसरा चांगला सायलेन्सर होता. तुम्ही आबांचाच का बसवला? आणि तो पत्रा तसाच का ठेवला?"

त्यांनी ऐकलं. यावेळी ऐकलं, हे नक्की. मग उशाशी घडी घातलेल्या उपरण्याकडे खूण केली. मी ते दिलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, वरून उपरणं पसरलं आणि आतून माझी बोटं दाबली. आधी दोन. मग सोडली. मग तीन. मग सगळा पंजा मिटून धरला. आणि माझ्याकडे बघत थांबले, मोंढ्यात समोरच्याच्या उत्तरासाठी थांबावं तसे.

मला ती भाषा येत नव्हती. काय दाबायचं ते माहीत नव्हतं. मी त्यांचा सगळा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ठरलं," आप्पा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

काय ठरलं, ते मला आजही माहीत नाही. जिन्यात बसवराज भेटला. मी त्याला दोन बोटं, तीन बोटं आणि मिटलेला पंजा करून दाखवला आणि विचारलं, "याचा अर्थ काय होतो?"

तो विचारात पडला. "काकू, ते मालावर हाय. तुरीला एक अर्थ, मुगाला दुसरा. माल कुठला होता?"

मी म्हटलं, "तेच तर मला कळलं नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवूनच समाधी दिली. मी गेले होते. "बसा आदी" म्हणणारा माणूस शेवटीही बसूनच गेला, हे माझ्या मनात आलं आणि मला त्या गर्दीत हसू आलं. आबा असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं.

या महिन्यात बसवराजचा फोन आला. हैदराबादचा एक गृहस्थ जुन्या गाड्या गोळा करतो. त्याला बेडकी हवी होती. बसवराजला ती चालवता येत नाही, गोदामात जागा अडते. "पण काकू, तो म्हणतो मागचं ते धूड आधी काढा, मी परदेशातून अस्सल मागवतो. काय करू? तुम्हाला विचारल्याबिगर हात लावू वाटंना."

मी म्हटलं, "गाडी दे त्याला. धूड मला आणून दे."

"हाव," तो म्हणाला. कशाला, ते त्याने विचारलं नाही.

परवा तो सायलेन्सर तुरीच्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला. वरून गंजला आहे, खालून गतिरोधकांनी घासून चपटा झाला आहे. खालिदभाईंचं जाड कडं अजून तोंडाला आहे आणि टायरच्या पट्टीचा एक तुकडाही लोंबतो आहे. मुलाखे बाईंनी गॅलरीतून विचारलं, "हे भंगार विकायचंय का हो?" मी नाही म्हटलं.

आबांची मोटार राहिलेली नाही. बेडकी हैदराबादला गेली. सायलेन्सर माझ्याकडे जिन्याखाली आहे. हलवला की आतला पत्रा अजून वाजतो.

तुमची आजी